द्राक्षमळे आणि जुन्या पवनचक्क्या : काम्पो दे क्रिप्तानाची सोपी गोल वाट (स्पेन)

पायपीट

स्पेनच्या मधोमध ला मांचा नावाचं पठार आहे. तिथल्या काम्पो दे क्रिप्ताना या गावाभोवती एक छान गोल वाट जमते. अंतर साधारण नऊ-दहा किलोमीटर, चढ नावापुरता, आणि निघालो त्याच रेल्वे स्टेशनवर परत. वाटेत द्राक्षमळे लागतात आणि शेवटी टेकडीवर पांढऱ्या पवनचक्क्या. माद्रिदला राहत असल्यामुळे माझं तिकडे अधूनमधून जाणं होतं. मराठीत या भागाबद्दल फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

या टेकडीवर रोज बसगाड्या येतात. लोक उतरतात, अर्धा तास फोटो काढतात आणि पुढच्या गावाला निघतात. माझं सांगणं याच्या उलट आहे : पवनचक्क्या सगळ्यात शेवटी बघा, आधी खालच्या मळ्यांतून तंगडतोड करा. या पठारावर पाण्याचा कायमचा तुटवडा. नद्या बारीक, उन्हाळ्यात आटणाऱ्या, त्यामुळे पाणचक्कीचा भरवसा नाही. म्हणून सोळाव्या शतकात इथल्या लोकांनी दळणासाठी वाऱ्याला धरलं. पाऊस वर्षाला जेमतेम ४०० मिलिमीटर, म्हणून शेतात द्राक्ष, तीही जमिनीलगत आणि लांब लांब लावलेली. वर चक्की आणि खाली वेल, दोन्ही एकाच कोरड्या जमिनीतून आलेली आहेत. हे बसच्या खिडकीतून कळत नाही. दोन तास त्या मातीवरून चालल्यावर कळतं.

आता वाट. स्टेशन गावाच्या दक्षिणेला आहे आणि पवनचक्क्या उत्तरेच्या टेकडीवर. स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ गावात शिरू नका. पूर्वेकडे वळा आणि गाव कायम डाव्या हाताला ठेवा. डांबरी रस्ता जपून ओलांडला की ट्रॅक्टर जाईल एवढ्या रुंदीच्या मातीच्या वाटा सुरू होतात. फाटे बरेच आहेत, पण चुकायची भीती नाही, कारण टेकडीवरच्या चक्क्या जवळजवळ कुठूनही दिसतात. त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घालतोय असं समजून चालत राहायचं.

माती तांबूस, तिच्यात चुनखडीचे पांढरे गोटे. एप्रिलमध्ये गेलात तर वेलीजवळ खाली बसून बघा. खोड गुडघ्याएवढंच, मनगटापेक्षा जाड, साल सुटून धागे लोंबणारी. त्याच्या डोक्यावर तीन-चार आखूड हात फुटलेले असतात आणि प्रत्येक हातावर दोन डोळे (कोंब फुटायच्या जागा) राखून बाकी सगळं छाटलेलं. डोळा फुगून त्यावर पांढरट लव येते आणि तिच्या आतून गुलाबी कडेचं पान डोकावतं. चहूकडे मैलोन्‌मैल हेच.

गावाच्या उत्तरेला पोचलात की टेकडीच्या मागच्या अंगाने वर चढा. चढ शंभर मीटरसुद्धा नाही. वर आज दहा चक्क्या आहेत. त्यांतल्या बुर्लेता, इन्फांतो आणि सार्दिनेरो या तीन सोळाव्या शतकातल्या, आणि त्यांच्या आतली लाकडी यंत्रणा अजून जागेवर आहे. बाकीच्या पुढे कधीतरी पुन्हा बांधलेल्या. मग आल्बायसिन या जुन्या वस्तीतून उतरा. पांढरी चुन्याची घरं आणि खालच्या पट्ट्याला नीळ. तिथून चौकात जेवण आणि सरळ खाली स्टेशन.

थांबत, बघत तीन-साडेतीन तास धरा. चक्क्यांच्या आत जायचं असेल तर आणखी एक तास.

मोगरा

खूप छान लिहिलंय. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी माद्रिदला येतोय. बरोबर सासूबाई (वय ६८, गुडघे जरा कुरकुर करतात) आणि आठ वर्षांचा मुलगा. जमेल का त्यांना? आणि तेव्हा मळ्यात काय बघायला मिळेल?

पायपीट

मोगरा, सप्टेंबरचा शेवट म्हणजे ऐन तोडणीचा हंगाम, तुमची वेळ अगदी साधलीये. इथली मुख्य पांढरी जात आइरेन. ती उशिरा पिकते, त्यामुळे तिची तोडणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे चालते. घड मोठे, गच्च भरलेले, पिवळसर हिरवे. द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या सहकारी वाइनरीकडे जाताना दिसतील, आणि गावात शिरताच आंबूस गोड वास येईल.

मुलाला नक्की जमेल. फक्त त्याला आधीच सांगून ठेवा की घडाला हात लावायचा नाही. मळ्यांना कुंपण नसतं, पण एकेक घड कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीचा असतो.

सासूबाईंसाठी दुसरा पर्याय देतो. त्यांनी स्टेशनवरून टॅक्सीने चौकात यावं आणि तिथे निवांत बसावं. तुम्ही फेरी मारून या, मग सगळे मिळून टॅक्सीने टेकडीवर जा. वर जमीन बऱ्यापैकी सपाट आहे आणि एका चक्कीपासून दुसरी काही पावलांवर. आतले जिने मात्र अरुंद, गोल आणि उंच पायऱ्यांचे आहेत. गुडघे दुखत असतील तर आत चढू नये. आल्बायसिनच्या गल्ल्यांचा उतारही गुडघ्यांना जड जातो, तिथूनही टॅक्सीच बरी.

बागवान

पायपीटदादा, मी द्राक्ष बागायतदार. तुमचं वेलीचं वर्णन वाचून चार प्रश्न पडले. मांडव नाही, वाय (Y आकाराचा आधार) नाही, तारसुद्धा नाही? लागण किती अंतरावर? छाटणी वर्षातून एकदाच की आपल्यासारखी दोनदा? आणि ४०० मिलिमीटरमध्ये ठिबक नसताना बाग तगते कशी?

पायपीट

बागवान, असे प्रश्न आले की लिहिल्याचं सार्थक होतं.

जुन्या बागांना तार नाही की मांडव नाही. पेल्याच्या आकाराचं बुटकं झुडूप, स्वतःच्या खोडावर उभं. लागण अडीच बाय अडीच मीटरवर, चारही बाजूंनी सारखी, म्हणजे हेक्टरी १६०० झाडं. छाटणी एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, पानं गळतात आणि झाड खरोखर विश्रांती घेतं. एप्रिलमध्ये फूट, मेअखेर ते जूनमध्ये फुलोरा, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी.

तगण्याचं म्हणाल तर अंतर हाच त्यांचा ठिबक. प्रत्येक झाडाला सव्वासहा चौरस मीटर माती, आणि मुळं खोल जातात. मधली जमीन वर्षातून अनेकदा वरवर नांगरून मोकळी ठेवतात, तण पाणी खाऊ नये म्हणून. पानांचा घेर खाली पसरतो, त्यामुळे घडांवर आणि बुंध्यावर सावली राहते. चाळीस अंशाच्या उन्हात ती फार मोलाची. उत्पन्न अर्थातच कमी.

आणि एक गोष्ट : स्पेनमध्ये १९९६ पर्यंत द्राक्षमळ्याला पाणी द्यायला कायद्याने बंदी होती. ती उठल्यावर नव्या बागा तारेवर आणि ठिबकवर आल्या. फेरीत दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. एका बाजूला बुटकी झुडपं, दुसऱ्या बाजूला खांब, तारा आणि काळ्या नळ्या.

बागवान

हेक्टरी १६०० म्हणजे एकरी साडेसहाशे. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी साडेनऊशेच्या वर जातात, आणि वर पाणी. पटलं. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी असं वेलीला दोनदा उठवणारे आपण, तिथली वेल वर्षातून एकदाच उठते हे वाचूनच बरं वाटलं. पण मग तारेवरच्या बागांना एवढं पाणी कुठून आणतात?

रानवेडी

याचं उत्तर मी देऊ का? माझा अभ्यासाचा विषय भूजल आहे.

पाणी जमिनीखालून येतं. पश्चिम ला मांचाखाली मोठा जलधर (पाणी धरून ठेवणारा खडकांचा थर) आहे, नकाशांवर तो 'जलधर २३' या नावाने ओळखला जायचा. १९७० च्या दशकापासून शेतीसाठी त्यातून इतका उपसा झाला की पातळी बरीच खाली गेली. त्याचा सगळ्यात मोठा फटका ताब्लास दे दाइमिएल या पाणथळ राष्ट्रीय उद्यानाला बसला. ते सुकत गेलं आणि २००९ मध्ये तिथल्या वाळलेल्या पीटला (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थराला) जमिनीखाली आग लागली. पाणथळ जागा आतून धुमसतेय, ही बातमी वाचलेली मला आजही आठवते.

याचा दोष एकट्या द्राक्षाचा नाही. मका, कलिंगड, भाजीपाला यांनीही पाणी प्यायलंय आणि ठिबक तर पाणी वाचवायलाच असतो. पण ज्या पिकाने शतकानुशतकं पावसावर भागवलं त्यालाच आता नळी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. क्रिप्तानाला जाल तेव्हा ती बुटकी झुडपं जरा जास्त वेळ बघा. काढून टाकली जाताहेत ती.

पायपीट

रानवेडी, फार मोलाचा प्रतिसाद. यात एक भर घालतो. आइरेन ही एके काळी जगात सर्वांत जास्त क्षेत्रावर असलेली द्राक्षजात होती, आणि जवळजवळ सगळी या पठारावर. बाटलीवर तिचं नाव क्वचित यायचं, कारण तिची पुष्कळशी वाइन गाळून ब्रँडीसाठी जायची. शेजारचं तोमेयोसो हे त्या भट्ट्यांचं मोठं केंद्र. नंतर ती उपटून लोक तेम्प्रानियो या काळ्या द्राक्षाकडे वळले. त्याला इथे सेन्सिबेल म्हणतात. आता काही तरुण वाइनवाले जुन्या आइरेनच्या झुडपांकडे पुन्हा वळताहेत. ही झुडपं टिकायची तर त्यांच्या वाइनला मागणी यायला हवी.

गणितमास्तर

चक्कीच्या आत काय असतं ते सविस्तर लिहा ना. 'लाकडी यंत्रणा' एवढ्यावर बोळवण करू नका.

पायपीट

मास्तर, हाच माझाही आवडता भाग, तेव्हा जरा लांबण लागेल.

बाहेरून दगडी गोल बुरूज, चुन्याने पांढरा केलेला, वर शंकूसारखी लाकडी टोपी. टोपीतून आडवा कणा बाहेर येतो आणि त्याला चार पाती. पातं म्हणजे नुसता लाकडी सांगाडा, शिडीसारखा. दळायचं असलं की त्यावर कापड ताणून बांधायचं, वारा माजला की उतरवायचं.

आत तीन मजले. तळाशी धान्याची पोती आणि जनावर बांधायची जागा. मधल्या मजल्यावर पीठ उतरतं, तिथेच चाळतात आणि भरतात. सगळ्यात वरच्या मजल्यावर दळायचं दगडी जातं. जात्याभोवतीच्या भिंतीत बारा छोट्या खिडक्या असतात, वीतभर तोंडाच्या. चक्कीवाला त्या एकेक उघडून वारा कुठून येतोय ते बघायचा. प्रत्येक दिशेच्या वाऱ्याला नाव : पूर्वेचा सोलानो, नैर्ऋत्येचा आब्रेगो, उत्तरेचा सिएर्सो. ज्या खिडकीतून झोत येईल तिकडे पात्यांचं तोंड करायचं.

ते करायला बाहेर यावं लागतं. टोपीच्या मागच्या बाजूने एक भलामोठा ओंडका तिरका जमिनीपर्यंत आलेला असतो. चक्कीभोवती गोलाकार दगडी खुंट पुरलेले. खुंटाला हातरहाट बांधायचा, दोर गुंडाळत ओंडका ओढायचा, की वरची अख्खी टोपी पात्यांसकट फिरते. हे सगळं माणसाच्या अंगबळावर.

मग आतला खेळ. आडव्या कण्यावर मोठं दातेरी लाकडी चाक. त्याचे दात खाली उभ्या फिरकीच्या दांड्यांत अडकतात, म्हणजे आडवं फिरणं उभ्या अक्षात येतं. फिरकी चाकापेक्षा खूप लहान, म्हणून पात्यांच्या एका फेऱ्यात जात्याची वरची तळी (दगड) अनेक फेरे घेते. खालची तळी स्थिर. नरसाळ्यातून दाणे मधल्या भोकात पडतात, दोन तळ्यांमधून भरडत कडेला येतात आणि पन्हाळीतून पीठ खालच्या मजल्यावर. तळ्यांमधलं अंतर कमी-जास्त करून पीठ बारीक की जाडं ते ठरतं. दगड गुळगुळीत झाला की चक्की थांबवायची, वरची तळी उचलून उलटी करायची आणि टाकी लावायची, आपल्या जात्याला लावतात तशीच.

चक्कीवाल्याला मजुरी पैशांत मिळत नसे. दळलेल्या धान्यातला ठरलेला वाटा तो ठेवून घ्यायचा.

गणितमास्तर

झकास. म्हणजे दाते आणि दांड्या मोजल्या की फेऱ्यांचं गुणोत्तर हाती. गेलो तर मोजणारच. आणि थांबवतात कशी? वाऱ्याला तर बंद कर म्हणता येत नाही.

पायपीट

मोठ्या दातेरी चाकाच्या घेराभोवती लाकडी पट्टा असतो. तो आवळला की चाकावर घासतो आणि वेग मरतो. पण घर्षणाने लाकूड तापतं, म्हणून वादळात निव्वळ त्यावर विसंबून चालत नसे. आधी पाती वाऱ्याच्या तोंडून बाजूला वळवायची, कापड काढायचं. चक्कीवाल्याचं कसब पीठ दळण्यापेक्षा आभाळ वाचण्यात जास्त होतं असं मला वाटतं.

प्रत्यक्ष दळण दाखवायचे दिवस ठरलेले असतात. पोयातोस नावाच्या चक्कीत पर्यटन कचेरी आहे, तिथे आधी विचारून घ्या. फिरणारं जातं बघायला मिळालं तर बाकी सगळं सोडून तिथे थांबा. पायाखालच्या फळ्या थरथरतात, कणा करकरतो आणि पिठाचा गरम वास सुटतो.

सांजवात

कोन्सुएग्राच्या चक्क्या जास्त प्रसिद्ध आहेत ना? किल्लाही आहे म्हणे. आणि सर्व्हांतेसच्या कादंबरीतला डॉन किहोते ज्या चक्क्यांशी लढला त्या नक्की कुठल्या?

पायपीट

कोन्सुएग्रा सुंदरच आहे, सांजवात. डोंगराच्या धारेवर बारा चक्क्या आणि मध्ये किल्ला, फोटोला त्याला तोड नाही. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे केशराचा उत्सव असतो, त्या भागात केशर पिकतं. पण तिथे रेल्वे जात नाही. गाडी घेऊन दोन दिवस असतील तर दोन्ही करा. मोता देल कुएर्वो या गावच्या चक्क्याही जोडता येतील.

किहोतेचं म्हणाल तर १६०५ च्या पहिल्या भागात आठव्या प्रकरणात मैदानावर 'तीस-चाळीस' पवनचक्क्या दिसल्या एवढंच आहे, गावाचं नाव सर्व्हांतेसने दिलेलं नाही. क्रिप्तानावाल्यांचा दावा असा की एवढ्या संख्येने चक्क्या एके ठिकाणी त्यांच्याकडेच होत्या. १७५२ च्या सरकारी पाहणीत या गावच्या ३४ चक्क्या नोंदलेल्या आहेत. मला हा दावा दमदार वाटतो, पण आकडा दीडशे वर्षांनंतरचा आहे हेही लक्षात ठेवायला हवं.

भटकंतीप्रेमी

थोडं वेगळं मत मांडतो. आम्ही गाडीने थेट टेकडीवर गेलो, तासभर थांबलो, मजा आली. सगळ्यांनाच दहा किलोमीटर चालायची हौस किंवा वेळ नसतो. खालून सपाट शेतंच दिसतात, दोन तास तेच तेच बघून कंटाळा येणार नाही का?

पायपीट

वेळ नसेल तर गाडीने जरूर जा, न जाण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. कंटाळ्याबद्दल मात्र मी ठाम आहे. वरून बघताना मैदान सपाट आणि एकसुरी वाटतं. खालून चालताना प्रत्येक तुकडा निराळा निघतो : ही बाग सत्तर वर्षांची, ती पाच वर्षांची, इथे मध्येच बदामाची चार झाडं, तिथे ऑलिव्हची रांग, पलीकडे नुकतं कापलेलं बार्लीचं शेत, कोपऱ्यात शेतकऱ्याने वेचून रचलेला दगडांचा ढीग. आणि चक्क्या टेकडीवर का, हे खालूनच समजतं. मैदानात वारा पडलेला असतो, पण वरची पाती त्याच वेळी वारा खात असतात.

चंडोल

पक्ष्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. ला मांचाचं मोकळं मैदान पक्षी बघणाऱ्यांसाठी फार श्रीमंत आहे. वसंतात शेतांवरून कलांद्रा चंडोल गात वर चढतात. जाड चोच आणि मानेच्या बाजूला काळा डाग, ओळखायला सोपे. तुरेवाले चंडोल तर वाटेवरच पळत असतात. तांबड्या पायांचे तितर झुडपांखालून निघून धावत सुटतात, उडायचा कंटाळा असल्यासारखे. हुदहुद दिसतो. उन्हाळ्यात वेड्या राघूचे रंगीत भाऊबंद येतात.

आणि माळढोकाचा युरोपातला मोठा भाऊ, ग्रेट बस्टर्ड, याच पठारावर आहे. जगातल्या या पक्ष्यांपैकी निम्म्याहून जास्त स्पेनमध्ये उरलेत. तो गावालगत दिसेल अशी आशा धरू नका, त्याला माणसापासून लांबचं धान्याचं शेत लागतं. पण दुर्बीण जवळ असू द्या. आपल्याकडे माळढोकाची काय अवस्था आहे हे माहीत असल्यामुळे, तिथे तो दिसला तर डोळ्यांत पाणी येईल एवढं मात्र सांगते.

मोगरा

चंडोलताई, दुर्बीण घेतली! मुलगा आत्तापासून नाचतोय.

अजून एक. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. जेवणाचं काय?

पायपीट

पिस्तो मागवा. टोमॅटो, ढोबळी मिरची, झुकिनी ऑलिव्ह तेलात मंद शिजवून केलेली भाजी, वर बहुतेकदा तळलेलं अंडं. काही ठिकाणी तिच्यात हॅमचे तुकडे घालतात, म्हणून आधी विचारायचं. आसादियो म्हणजे भाजलेल्या लाल मिरच्या, लसूण आणि चक्क जिरं! आपल्या जिभेला लगेच ओळख पटते. मांचेगो चीज इथलंच, मांचेगा जातीच्या मेंढीच्या दुधाचं. सालीवर वेणीसारखी नक्षी असते. मात्र त्यात बहुधा प्राण्यांपासूनचं विरजण असतं, ते चालत नसेल तर टाळा.

गाचास नावाचा पिठल्यासारखा घट्ट पदार्थ मिळेल. तो लाखेच्या डाळीच्या पिठाचा, हो, आपली तीच लाख. पण जवळजवळ नेहमी डुकराच्या चरबीत करतात, तेव्हा तुमच्यासाठी नाही.

जेवायची वेळ दोन ते चार. बाराला गेलात तर स्वयंपाकघर बंद असेल. दुकानंही दुपारी बंद होतात, म्हणून पाणी आणि फळं सकाळीच घेऊन ठेवा.

एकटीप्रवासी

मी एकटीच जाणार आहे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला. सुरक्षिततेच्या दृष्टीने काही? आणि वाटेवर खुणा असतात का?

पायपीट

एकटीने जायला हरकत वाटत नाही. मैदान उघडं, लांबवर दिसतं, शेतात ट्रॅक्टरवाले असतात आणि येता-जाता हात करतात. माझ्या माहितीतल्या दोघी-तिघी एकट्या जाऊन आल्यात. तरी कुठे चाललात ते कुणाला तरी कळवून ठेवा. अडीअडचणीला क्रमांक ११२.

नोव्हेंबरमध्ये एक खास काळजी म्हणजे शिकार. शरद आणि हिवाळ्यात तितर-सशांच्या शिकारीचा हंगाम असतो, शनिवार-रविवारी विशेष. शेताच्या कडेला आयताकृती छोटी पाटी दिसेल, तिरकी दुभागलेली, अर्धी काळी अर्धी पांढरी. ती शिकारीच्या राखीव क्षेत्राची खूण. त्यामुळे चालायला मनाई नसते, पण भडक रंगाचं जाकीट घाला, मुख्य वाटेवरच राहा आणि बार ऐकू आले तर दुसरा फाटा धरा. शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी जा.

खुणांचं स्पेनमधलं गणित सोपं आहे. लांब पल्ल्याच्या वाटांना पांढरा-लाल पट्टा, छोट्या वाटांना पांढरा-पिवळा, अगदी स्थानिक वाटांना पांढरा-हिरवा. त्याच रंगांची फुली असली की इकडे जाऊ नका. पण मी सांगितलेली फेरी ही कुणी आखून दिलेली एक वाट नाही. शेतरस्ते जोडून केलेली आहे, म्हणून सगळीकडे खूण मिळेल असं धरून चालू नका. फोनवर नकाशा आधी उतरवून घ्या. आणि पाऊस पडून गेला असेल तर एक दिवस थांबा. ती तांबडी माती बुटाला इतकी चिकटते की पाऊल उचलत नाही.

एकटीप्रवासी

शिकारीचं कुठेच वाचलं नव्हतं, बरं झालं विचारलं. मंगळवार किंवा बुधवार ठरवते.

माद्रिदवासी

रेल्वेबद्दल थोडी भर. माद्रिदच्या आतोचा स्टेशनहून प्रादेशिक गाडीने आल्कासार दे सान हुआन साधारण दीड तास. हे जुनं मोठं जंक्शन, १८५० च्या दशकात रेल्वे इथवर आली आणि ला मांचाची वाइन गाडीने बाहेर जाऊ लागली. क्रिप्ताना त्याच्या पुढचं, आठ-एक किलोमीटरवर. तिथे थांबणाऱ्या गाड्या दिवसाला मोजक्याच, सुट्टीला आणखी कमी. म्हणून परतीची गाडी आधी बघून मग फेरीची वेळ ठरवा. गाडी चुकली तर टॅक्सीने आल्कासारला या, तिथून माद्रिदला गाड्या बऱ्याच मिळतात.

जुलै-ऑगस्टमध्ये कुणीही हा बेत करू नये. वाटेवर सावलीचं नाव नाही आणि पारा चाळिशीला टेकतो.

पायपीट

माद्रिदवासी, धन्यवाद, हे मूळ लेखातच यायला हवं होतं, तिथे आता जोडतो. उन्हाळ्याबद्दल शंभर टक्के सहमत. एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. त्यातही माझी पसंती ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा : तोडणी उरकलेली, आइरेनची पानं पिवळी, सेन्सिबेलची तांबडी, हवा स्वच्छ. प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी, टोपी आणि टाचेला न लागणारे साधे बूट. काठ्या वगैरे काही लागत नाही.

बागवान

दादा, शेवटचं विचारतो. तिथल्या एखाद्या शेतकऱ्याशी बोलायचं झालं तर? मला स्पॅनिश येत नाही, पण छाटणी बघायची फार इच्छा आहे. मुलगी माद्रिदला शिकायला जातेय, तेव्हा फेब्रुवारीत येणं होईल.

पायपीट

फेब्रुवारी म्हणजे छाटणीचाच मोसम, बागवान. मी तेव्हा माद्रिदमध्येच आहे. व्यक्तिगत निरोपातून तारखा कळवा, मी बरोबर येतो आणि दुभाष्याचं काम करतो. तिथले म्हातारे शेतकरी बोलायला मोकळे आहेत, आणि समोरचा स्वतः द्राक्षं लावतो म्हटल्यावर तर हातातली कात्री तुमच्याच हातात देतील. थंडी कडक असते, सकाळी दव गोठलेलं असतं. स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे आणा.

गणितमास्तर

तारखा ठरल्या की इथे पण टाका. दाते मोजायला मीही येतो.